वाचकांचे प्रश्न : मोरोक्कोची वीज आणि मोरोक्कोचे पाणी

मागील अंकात आम्ही मोरोक्कोतील वार्झाझात येथील ‘नूर’ सौरप्रकल्पावर लेख प्रसिद्ध केला होता. सहाराच्या कडेला उभा राहिलेला सुमारे ५८० मेगावॉटचा हा प्रकल्प आणि २०३० पर्यंत हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात ४५.५ टक्के कपात करण्याची त्या देशाची घोषणा, हा त्या लेखाचा गाभा होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख मात्र विजेपेक्षा पाण्याकडे आहे. पत्रे मराठवाड्यातून आणि सोलापूर-सांगलीकडून अधिक आली, हे पाहता त्यात नवल वाटू नये. सारखे प्रश्न एकत्र करून निवडकांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : ४५.५ टक्के कपात म्हणजे २०३० मध्ये मोरोक्कोचे उत्सर्जन आजच्या जवळपास निम्म्यावर येणार, असे समजायचे का? भारताचे उद्दिष्टही ४५ टक्क्यांचेच आहे. मग दोन्ही देश सारखेच धावत आहेत का?
(एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : तसे समजू नये. ही कपात आजच्या उत्सर्जनाशी तुलना करून मोजलेली नाही. काहीही उपाय केले नाहीत तर २०३० पर्यंत उत्सर्जन किती वाढेल, याचा एक अंदाज आधी बांधला जातो आणि त्या अंदाजित आकड्यापेक्षा ४५.५ टक्क्यांनी खाली राहू, असे हे वचन आहे. पॅरिस करारानुसार प्रत्येक देशाने आपले उद्दिष्ट स्वतः ठरवून संयुक्त राष्ट्रांकडे नोंदवायचे असते. मोरोक्कोने २०१६ मध्ये ते ४२ टक्के असे नोंदवले आणि जून २०२१ मध्ये वाढवून ४५.५ टक्के केले. या पद्धतीत मूळ अंदाज जितका फुगीर, तितकी कपात मोठी दिसते, आणि प्रत्यक्ष उत्सर्जन आजच्यापेक्षा थोडेफार वाढले तरीही उद्दिष्ट गाठले असे म्हणायला वाव राहतो.

भारताचे ४५ टक्के हे राष्ट्रीय उत्पन्नाच्या दर एककामागे होणाऱ्या उत्सर्जनाचे आहेत आणि ते २००५ च्या पातळीशी तोललेले आहेत. दोन आकडे शेजारी शेजारी आले म्हणून त्यांची तुलना करण्याचा मोह होतो, पण मोजण्याची फूटपट्टीच वेगळी असल्याने ती तुलना निरर्थक ठरते.

आणखी एक गोष्ट बातम्यांत सहसा येत नाही. या ४५.५ पैकी फक्त १८.३ टक्के कपात मोरोक्को स्वबळावर करणार आहे. उरलेली कपात बाहेरून पैसा आणि तंत्रज्ञान मिळाले तरच होईल, असे त्याच दस्तऐवजात लिहिले आहे. जगाच्या एकूण उत्सर्जनात सुमारे ०.२ टक्के वाटा असलेल्या, बहुतांश ऊर्जा आयात करणाऱ्या देशाने अशी अट घालणे गैर नाही. पण मथळ्यात ४५.५ छापायचे आणि १८.३ चा उल्लेखच करायचा नाही, ही सवय आपण वृत्तपत्रवाल्यांनी सोडायला हवी.

प्रश्न : एवढे मोठे सौर व पवन प्रकल्प असूनही मोरोक्कोची बहुतेक वीज कोळशावर होते असे वाचले. हे कसे?
(एक निवृत्त वीज अभियंता, पुणे)

उत्तर : आपण स्वतः अभियंता असल्याने उत्तराचा अर्धा भाग आपल्याला ठाऊकच असेल. नवीकरणीय ऊर्जेचे उद्दिष्ट स्थापित क्षमतेत (म्हणजे उभारलेली केंद्रे जास्तीत जास्त किती वीज देऊ शकतात, त्यात) मांडलेले आहे, निर्माण झालेल्या युनिटांत नाही. २०२० पर्यंत ४२ टक्के क्षमता नवीकरणीय करण्याचे आधीचे उद्दिष्ट हुकले. आता २०३० साठी ५२ टक्क्यांचे उद्दिष्ट आहे आणि २०२४ च्या अखेरीस हे प्रमाण ४५ टक्क्यांच्या आसपास पोहोचले होते. प्रत्यक्ष विजेत मात्र सूर्य, वारा आणि जलविद्युत मिळून जेमतेम पाव हिस्सा असतो आणि कोळशाचा वाटा सुमारे साठ टक्के भरतो. सौरपटल दिवसाचे काही तासच चालते, दुष्काळात धरणाखालचे जनित्र बंद पडते आणि कोळशाचे केंद्र रात्रंदिवस धडधडत राहते. भारतानेही २०२५ मध्ये निम्मी क्षमता बिगर-जीवाश्म झाल्याचे जाहीर केले, तेव्हा आपल्याकडील निम्मी वीज स्वच्छ झाली असा समज अनेकांचा झाला होताच.

उत्तराचा दुसरा अर्धा भाग करारांचा आहे. अटलांटिक किनाऱ्यावर जोर्फ लास्फार येथे दोन हजार मेगावॉटहून मोठे कोळसा केंद्र आहे. सरकारी वीज कंपनीने तेथील जुन्या संचांचा वीजखरेदी करार २०२० मध्ये वाढवून २०४४ पर्यंत नेला. साफी येथील सुमारे १,३८६ मेगावॉटचे केंद्र तर २०१८ मध्ये, म्हणजे मराकेश येथील २०१६ च्या जागतिक हवामान परिषदेनंतर सुरू झाले. करार झाला की वीज घ्या अगर घेऊ नका, ठरलेले पैसे मोजावे लागतात. अशा स्थितीत सौरप्रकल्पांची भर पडली तरी कोळसा लवकर मागे हटत नाही.

‘नूर’बद्दलही थोडे सांगायला हवे, कारण मागच्या लेखात त्याची बाजू जरा उजळच आली. या प्रकल्पाचे पहिले तीन टप्पे आपल्या ओळखीच्या सौरपटलांचे नाहीत. आरशांनी ऊन एकवटून त्याची उष्णता वितळलेल्या मिठात साठवायची आणि सूर्य मावळल्यावर त्या उष्णतेवर वाफ करून टर्बाइन फिरवायचे, अशी तेथील रचना आहे. पहिला १६० मेगावॉटचा टप्पा फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरू झाला आणि त्यात तीन तासांची साठवण आहे. तिसऱ्या टप्प्यात सुमारे अडीचशे मीटर उंचीचा मनोरा असून साठवण सात तासांची आहे. मोरोक्कोची विजेची मागणी संध्याकाळनंतर शिखर गाठते, म्हणून ही निवड त्या काळी शहाणपणाची होती. पुढे साधी सौरपटले आणि बॅटऱ्या इतक्या झपाट्याने स्वस्त झाल्या की हिशेब उलटा पडला. मोरोक्कोच्याच आर्थिक, सामाजिक व पर्यावरण परिषदेने २०२० मध्ये या तंत्राची वीज तोट्यात विकावी लागत असल्याचे आणि तो तोटा वर्षाला ८० कोटी दिरहमच्या घरात असल्याचे दाखवून दिले (एक दिरहम म्हणजे साधारण नऊ-दहा रुपये). २०२४ च्या सुरुवातीला तिसऱ्या टप्प्यातील मिठाची टाकी गळाली आणि तो टप्पा दीर्घकाळ बंद राहिला. आमच्या मते हा फसलेला प्रयोग म्हणता येणार नाही. तो महागात पडलेला पहिला धडा होता आणि त्याचा फायदा मागाहून येणाऱ्यांना झाला.

प्रश्न : मोरोक्कोने लाखो हेक्टरवर ठिबक बसवले म्हणता. मग भूजल सुधारायला हवे होते. आमच्या भागातही ऊस ठिबकवर गेला, तरी बोअरची खोली वाढतच चालली आहे. तेथे काय घडले?
(एक शेतकरी, जालना जिल्हा, याच आशयाची आणखी सहा पत्रे आली आहेत)

उत्तर : तेथेही तेच घडले, आणि मोरोक्कोच्या हवामान अनुकूलनाच्या (बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्याच्या) योजनेत सर्वाधिक शिकण्यासारखे काही असेल तर ते हेच आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

मोरोक्कोत माणशी वार्षिक उपलब्ध पाणी १९६० मध्ये सुमारे २,५६० घनमीटर होते. आता ते ६०० घनमीटरच्या आसपास आले आहे. ५०० च्या खाली गेल्यास त्याला पाण्याचे निरपेक्ष दुर्भिक्ष्य म्हणतात. लोकसंख्या वाढली हे या घसरणीचे मोठे कारण, पण पाऊसही दगा देऊ लागला आहे. २०१८ पासून सलग सात वर्षे देशाने अवर्षण सोसले. उपलब्ध पाण्यापैकी ८५ टक्क्यांच्या आसपास पाणी शेतीला लागते. त्यामुळे पाणी वाचवायचे तर शेतात वाचवावे लागेल, हे शासनाचे गृहीतक बरोबरच होते. २००८ मध्ये ‘हरित मोरोक्को योजना’ आली, ठिबकसाठी ८० टक्के आणि लहान शेतकऱ्यांना १०० टक्क्यांपर्यंत अनुदान देण्यात आले. तेव्हा दीड लाख हेक्टरच्या आसपास असलेले ठिबकाखालील क्षेत्र आता आठ लाख हेक्टरच्या घरात गेले आहे आणि २०३० पर्यंत ते दहा लाखांवर न्यायचे आहे.

गोम अशी की अनुदान नळ्यांना मिळाले, वाचलेल्या पाण्यावर मात्र कोणतेही बंधन घातले गेले नाही. पाटाने पाणी दिले की त्यातले काही मुळांच्या खाली झिरपते. शेतकऱ्याच्या लेखी ते वाया गेलेले असते, पण शेजारच्या विहिरीच्या लेखी ते परत आलेले असते. ठिबकामुळे हे झिरपणे थांबते, आणि बचत झालेल्या पाण्यावर शेतकरी आणखी दोन एकर भिजवतो किंवा गव्हाऐवजी संत्री, टोमॅटो, अव्होकॅडो घेतो. त्याचे वागणे चुकीचे नाही. ज्याच्यावर कर्ज आहे आणि ज्याचा माल युरोपच्या बाजारात जातो, तो मोकळे पाणी जमिनीत सोडून देणार नाही. पण या सगळ्याची बेरीज अशी होते की दर एकरी पाणी कमी लागते आणि खोऱ्यातून उपसले जाणारे एकूण पाणी मात्र वाढते. अगादीरजवळच्या सूस खोऱ्यात भूजल इतके खाली गेले की काही भागांत बागा वाळल्या. तेथील एल गेर्दान भागात दहा हजार हेक्टर संत्र्याच्या बागा वाचवण्यासाठी सुमारे नव्वद किलोमीटरवरच्या धरणांतून नळाने पाणी आणण्याचा प्रकल्प २००९ मध्ये सुरू करावा लागला.

उपसा इतका स्वस्त कसा पडतो, याची कथा आणखी मासलेवाईक आहे. मोरोक्कोने २०१४-१५ मध्ये पेट्रोल व डिझेलवरचे अनुदान बंद केले. कोणत्याही सरकारला जड जाणारे हे काम त्यांनी दंगलीशिवाय पार पाडले, याबद्दल त्यांचे कौतुक झाले आणि ते रास्तही होते. पण स्वयंपाकाच्या ब्यूटेन गॅसवरचे अनुदान गरिबांसाठी म्हणून ठेवले गेले आणि बारा किलोचा सिलिंडर वर्षानुवर्षे ४० दिरहमलाच मिळत राहिला. डिझेल महागले आणि गॅस स्वस्त राहिला, तेव्हा शेतकऱ्यांनी जुन्या मोटारगाड्यांची इंजिने गॅसवर चालतील अशी बदलून विहिरीवर बसवली. पंपाच्या खोपीत सिलिंडरांची रांग लावलेली असते, त्यांच्या तोट्यांना रबरी नळ्या जोडलेल्या असतात, वायू भराभर ओढला गेल्याने सिलिंडरच्या अंगावर भर उन्हात दव धरते आणि तिकडे जमिनीखालचे पाणी वर येत राहते. चुलीसाठी दिलेले अनुदान अशा रीतीने विहिरीत जाते. मे २०२४ मध्ये सिलिंडरची किंमत ५० दिरहम झाली, तरी बाजारभावापेक्षा ती बरीच कमीच आहे.

यावर उपाय म्हणून सौरपंप पुढे आले. उत्सर्जनाच्या वहीत ही नोंद उत्तम दिसते, कारण गॅस जळायचा थांबतो. पाण्याच्या वहीत मात्र तीच नोंद चिंतेची आहे. एकदा पटले बसली की पुढचा उपसा जवळजवळ फुकट असतो, आणि गॅसच्या खर्चामुळे जो थोडाबहुत हात आखडता होता तोही सुटतो. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतून आपल्याकडेही पंप बसत आहेत. दिवसा वीज मिळणे ही शेतकऱ्याची मोठी सोय आहे आणि ती त्याला मिळायलाच हवी. पण त्यासोबत उपशाची मर्यादा कोण ठरवणार, हा प्रश्न मोरोक्कोने दहा वर्षे पुढे ढकलला आणि त्याचे काय झाले ते समोर आहे.

मर्यादा घालण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. २०१६ च्या जलकायद्यात ‘भूजल करारां’ची तरतूद आहे, ज्यात एका भूजलसाठ्यावरचे सर्व उपसाधारक आणि शासन मिळून उपसा ठरवतात. कागदावर ही कल्पना चांगली आहे, पण मीटर नसलेल्या आणि परवाना नसलेल्या हजारो विहिरींपुढे तिचे फारसे चालत नाही. अधिक परिणामकारक ठरला तो ढोबळ उपाय. वाळवंटाच्या तोंडाशी असलेल्या झागोरा जिल्ह्यात कलिंगडाचे पीक फोफावले होते. युरोपात स्पेनचे कलिंगड येण्याआधी तेथला माल बाजारात पोहोचतो, म्हणून भाव चांगला मिळतो. २०१७ मध्ये त्याच झागोरा शहरात पिण्याच्या पाण्यासाठी लोक रस्त्यावर उतरले. पुढे प्रशासनाने झागोरात कलिंगडाच्या क्षेत्रावर मर्यादा घातली, शेजारच्या ताता जिल्ह्यात हे पीक बंदच केले, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने कलिंगड, अव्होकॅडो व नव्या लिंबूवर्गीय बागांच्या ठिबकाचे अनुदान थांबवले. आपल्याकडे उसाबाबत असा निर्णय कोणी घेईल का, असे एका पत्रलेखकाने विचारले आहे. नजीकच्या काळात घेईल असे आम्हाला वाटत नाही. साखर कारखानदारीभोवती गुंतलेले हितसंबंध कलिंगडाच्या व्यापाऱ्यांपेक्षा कितीतरी जुने आणि खोल आहेत.

प्रश्न : समुद्राचे पाणी गोडे करून मोरोक्को पाणीटंचाईतून कायमचा सुटेल का? मुंबईतही असा प्रकल्प प्रस्तावित आहे, म्हणून विचारतो.
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : शहरे बऱ्याच अंशी सुटतील, शेती सुटणार नाही. कासाब्लांकाला पाणी देणाऱ्या ओम एर-रबिया नदीवर अल मसीरा नावाचे धरण आहे. त्याची साठवणक्षमता सुमारे २६५ कोटी घनमीटर, म्हणजे आपल्या जायकवाडीच्या जवळपास जाणारी आहे. २०२४ च्या सुरुवातीला या धरणाने तळ गाठला होता. त्याच वर्षी अनेक शहरांत हम्माम, म्हणजे सार्वजनिक स्नानगृहे, आठवड्यातून तीन दिवस बंद ठेवण्याचे आदेश निघाले. घरी पाणी तापवण्याची सोय नसलेल्या कुटुंबांचा आधार आणि तेथे काम करणाऱ्यांची मजुरी, दोन्हींवर त्याचा घाव पडला. तत्पूर्वी २०२३ मध्ये उत्तरेकडील सबू नदीचे वाहून जाणारे पाणी बू रेग्रेग खोऱ्यात आणणारा ६७ किलोमीटरचा कालवा वर्षभराच्या आत पूर्ण केला नसता, तर राजधानी राबातची अवस्थाही बिकट झाली असती.

या पार्श्वभूमीवर निःक्षारीकरणाकडे वळण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हते. अगादीरजवळ शतूका येथील प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला. तो रोज २ लाख ७५ हजार घनमीटर पाणी देतो, त्यातले निम्मे शहराला आणि निम्मे शेतीला जाते. कासाब्लांकाजवळ जून २०२४ मध्ये ज्याचे काम सुरू झाले, तो प्रकल्प पूर्ण झाल्यावर वर्षाला ३० कोटी घनमीटर पाणी देणार आहे. २०३० पर्यंत देशभरात मिळून वर्षाला १७० कोटी घनमीटर पाणी समुद्रातून काढायचे आणि पिण्याच्या पाण्याची निम्म्याहून अधिक गरज त्यावर भागवायची, असे उद्दिष्ट आहे.

आता विजेचा हिशेब पाहू. एक घनमीटर समुद्राचे पाणी गोडे करायला आजच्या चांगल्या तंत्राने साधारण साडेतीन युनिट वीज लागते. १७० कोटी घनमीटरसाठी ती जवळपास ६०० कोटी युनिट होते. मोरोक्कोची एकूण वार्षिक वीजनिर्मिती ४,२०० कोटी युनिटांच्या आसपास आहे, म्हणजे साधारण सातवा हिस्सा केवळ पाण्यासाठी लागेल. ही वीज कोळशाची असेल तर दुष्काळाशी लढताना दुष्काळाच्याच कारणात भर पडेल. म्हणूनच कासाब्लांकाचा प्रकल्प पवनऊर्जेसारख्या स्वच्छ विजेवर चालवण्याची घोषणा झालेली आहे. उत्सर्जन-कपात आणि अनुकूलन या दोन गोष्टी परिषदांमध्ये वेगवेगळ्या दालनांत चर्चिल्या जातात, पण मोरोक्कोत एकीचे बिल दुसरीच्या मीटरवर येते.

शेतीबाबत अडचण दराची आहे. शतूका भागात शेतकऱ्याला हे पाणी अनुदान धरूनही सुमारे पाच दिरहम घनमीटर पडते. हरितगृहातला टोमॅटो युरोपला पाठवणाऱ्याला तो दर परवडतो, गहू किंवा जव पिकवणाऱ्याला परवडणे शक्य नाही. दाखला या शहराजवळ पवनऊर्जेवर गोडे केलेल्या पाण्यावर पाच हजार हेक्टर भिजवण्याचा प्रकल्प हाती घेतलेला आहे. पण दाखला पश्चिम सहारात येते, आणि त्या प्रदेशाला संयुक्त राष्ट्रे आजही स्वशासन न मिळालेला प्रदेश मानतात. त्यामुळे तेथील हरित प्रकल्पांचे कौतुक करताना तो प्रदेश कोणाचा, हा वाद सोबत येतोच.

प्रश्न : ज्यांच्याकडे विहीरही नाही आणि समुद्रही नाही, अशा कोरडवाहू शेतकऱ्यांसाठी या योजनेत काय आहे?
(एक प्राध्यापिका, सोलापूर)

उत्तर : फार थोडे आहे, आणि हीच आमची या योजनेवरची मुख्य हरकत आहे. मोरोक्कोतील बहुतेक धान्य पावसावर पिकते. २०२१ मध्ये तेथे १ कोटी टनांहून अधिक धान्य झाले, आणि लगेच २०२२ मध्ये ते ३४ लाख टनांवर आले. उत्पन्नात एवढी तफावत ज्या शेतीत पडते, तिथे नांगरट न करता थेट पेरणी करून ओल टिकवणे हा उपाय उपयोगी आहे. २०३० पर्यंत दहा लाख हेक्टरवर तो पोहोचवण्याचे ठरले आहे, पण त्यासाठी लागणारी पेरणीयंत्रे लहान शेतकऱ्याच्या आवाक्यात नाहीत. धान्यपिकांसाठी पीक विमा आहे, तो २०११ पासून चालतो. त्याचा निकष एका भागाच्या सरासरी उत्पन्नावर ठरतो आणि सरासरीत ज्याचे शेत बुडाले तो माणूस दिसेनासा होतो, ही तक्रार आपल्याकडच्या शेतकऱ्यांना वेगळी सांगायला नको.

पशुपालकांची दशा त्याहून वाईट झाली. चराऊ राने सुकली, चारा महागला आणि २०२५ च्या सुरुवातीस देशातील मेंढ्या व जनावरांचे कळप २०१६ च्या गणनेपेक्षा ३८ टक्क्यांनी घटल्याचे शासनाने सांगितले. त्या फेब्रुवारीत राजे सहावे मोहम्मद यांनी येत्या बकरी ईदला कुर्बानी देऊ नये, असे आवाहन जनतेला केले. राजा तेथे धर्मप्रमुखही असतो, म्हणून या आवाहनाला आदेशाचे वजन होते. असे आवाहन यापूर्वी त्यांच्या वडिलांनी १९९६ मध्ये केले होते आणि तेव्हाही कारण दुष्काळाचेच होते. अनुकूलन हा शब्द अहवालांत वाचताना नळ्या, पंप आणि कालवे डोळ्यांपुढे येतात, पण त्या वर्षी मोरोक्कोतील कुटुंबांना आपला सर्वांत मोठा सण बदलावा लागला.

प्रश्न : हे सर्व दूरच्या देशाचे झाले. महाराष्ट्रातील शेतकऱ्याचा मोरोक्कोच्या हवामान योजनेशी खरोखर काही संबंध येतो का?
(एक कृषी सेवा केंद्रचालक, सांगली)

उत्तर : आपल्या दुकानात येणाऱ्या डीएपी या फॉस्फेटयुक्त खताच्या पिशवीतून येतो. जगातील ज्ञात फॉस्फेट साठ्यांपैकी सुमारे ७० टक्के साठे मोरोक्कोच्या ताब्यात आहेत आणि फॉस्फेट, फॉस्फोरिक आम्ल व तयार खत या तिन्ही रूपांत भारत त्याचा मोठा ग्राहक आहे. तेथील ओसीपी या सरकारी कंपनीची भारतातील भागीदारी पारादीप फॉस्फेट्समध्ये आहे, आणि गोव्यात झुआरीनगरचा खत कारखाना २०२२ पासून पारादीप फॉस्फेट्सकडेच आहे. त्यामुळे हा धागा कोकणाच्या उंबऱ्यापर्यंत येतो.

ओसीपी हा मोरोक्कोतील पाण्याचा आणि विजेचा एक बडा ग्राहक आहे. पूर्वी खुरिब्गाच्या खाणीतला खनिज दगड आधी वाळवावा लागे आणि मग रेल्वेने किनाऱ्यावर जात असे. २०१४ मध्ये कंपनीने १८७ किलोमीटरची नळवाहिनी टाकली. पाण्यात कालवलेला दगड तीतून उतारावरून जोर्फ लास्फारपर्यंत बराचसा आपल्याच वजनाने वाहत जातो, त्यामुळे वाहतुकीचे आणि वाळवण्याचे इंधन वाचते. २०२३ ते २०२७ या काळासाठी कंपनीने १३० अब्ज दिरहमची गुंतवणूक जाहीर केली आहे. स्वतःच्या कारखान्यांना लागणारे सर्व पाणी समुद्रातून किंवा सांडपाण्यातून मिळवणे, वीज सूर्य-वाऱ्यावर आणणे आणि २०४० पर्यंत कार्बनतटस्थ होणे अशी तिची उद्दिष्टे आहेत. सर्वांत महत्त्वाचा भाग अमोनियाचा आहे. डीएपीला अमोनिया लागतो आणि तो नैसर्गिक वायूपासून बनतो. मोरोक्कोकडे वायू नगण्य असल्याने तो बाहेरून आणावा लागतो. पवन व सौर विजेवर पाण्यातून हायड्रोजन वेगळा काढून त्यापासून देशातच अमोनिया बनवायचा, असा बेत आहे.

यामागे पर्यावरणाचे प्रेम किती आणि व्यापार किती, असा प्रश्न आपण पत्रात खोचकपणे विचारला आहे. व्यापाराचे पारडे जड आहे, असे आमचे मत आहे. युरोपीय संघाने सीमेवर कार्बनशुल्क (आयात माल बनवताना झालेल्या उत्सर्जनावरचे शुल्क) आणले आहे, त्याच्या यादीत खतांचा समावेश आहे आणि त्याची नोंद ठेवणे ऑक्टोबर २०२३ पासून बंधनकारक झाले. जिथे कार्बनला किंमत आहे तिथे महाग पण स्वच्छ अमोनियाचे खत आधी जाणार, हे उघड आहे. आपल्याकडे पन्नास किलोच्या डीएपी पिशवीचा दर १,३५० रुपयांवर बांधलेला आहे, वरचा फरक सरकार भरते, आणि ते खत कोणत्या अमोनियापासून झाले याची विचारणा ना शेतकरी करतो, ना अनुदान देणारे खाते.